अडतीस विरुद्ध तेरा

जग झपाट्याने बदलते आहे आणि आपल्या शिक्षणाने त्याच्याशी जुळवून घेतले पाहिजे, हे वाक्य दिल्लीतल्या चर्चासत्रांत इतक्या वेळा कानांवर पडते की त्याचा अर्थ विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. विधान खोटे नाही. अपुरे मात्र आहे. जुळवून आधी कोणी घ्यायचे आणि त्याचा खर्च कोणी सोसायचा, हे खरे प्रश्न आहेत. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि केंद्र सरकारचा नोकर या दोन्ही नात्यांनी मला तेच अधिक महत्त्वाचे वाटतात. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी वाचकांना सांगावेसे वाटते की हे प्रश्न शंभर वर्षांहून जुने आहेत आणि ते नेमकेपणाने मांडणारी दोन माणसे पुण्याची होती.

पहिले जोतीराव फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारच्या शिक्षणखर्चावर बोट ठेवले. तिजोरीत पैसा येतो तो मुख्यतः कष्टकरी रयतेकडून, आणि शिक्षणावर खर्च होतो तो मुख्यतः वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप होता. वरच्यांना शिकविले की विद्या आपोआप खाली झिरपते, हा तेव्हाचा सरकारी सिद्धांत त्यांनी अमान्य केला आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. आजच्या परिभाषेत सांगायचे तर हे सार्वजनिक खर्चाच्या न्याय्य वाटपाचे विश्लेषण होते.

दुसरे गोपाळ कृष्ण गोखले. मार्च १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते विलक्षण सावध होते. ज्या क्षेत्रात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथेच नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांसाठी सक्ती करता यावी. खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलावा, अशी त्यांची योजना होती. दाखले परदेशातले होते तसे घरचेही. जपानने १८७२ मध्ये शिक्षणाचा कायदा करून पुढच्या तीसेक वर्षांत शाळेच्या वयाची बहुतेक मुले शाळेत आणली होती. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये साऱ्या बडोदा संस्थानात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते.

मार्च १९१२ मध्ये विधेयकावर चर्चा झाली. तीनच महिन्यांपूर्वी दिल्ली दरबारात बादशहांनी राजधानी हलविण्याची आणि शिक्षणासाठी ५० लाख रुपयांच्या अनुदानाची घोषणा केली होती; विधिमंडळ मात्र अजून कलकत्त्यातच भरत होते. अनुदान देणाऱ्या सरकारला बंधन नको होते. विरोधाची कारणे वाचताना माझ्यासारख्याला ती ओळखीची वाटतात: पैसा नाही, पुरेसे शिक्षक नाहीत, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, लोकांचीही अशी मागणी नाही. शेतावरचे मजूर कमी होतील, ही धास्तीही होती. विधेयक अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. पैशाची अडचण एका संस्थानिकाला ओलांडता आली, ती साम्राज्याला आली नाही.

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत आपलेच सरकार आले. घटनेच्या ४५ व्या कलमाने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासाठी दहा वर्षांची, म्हणजे १९६० पर्यंतची, मुदत घातली. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता होती १८.३३ टक्के. त्याच वर्षी खरगपूरला पहिली आय.आय.टी. सुरू झाली. तो निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. त्याच दूरदृष्टीमुळे पुढे संगणकक्षेत्रात आपल्याला जगाच्या बाजारपेठेत उभे राहता आले. पण वरचा मजला वेळेवर चढला आणि तळमजला रेंगाळला. १९६० ची मुदत टळली. २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती झाली, २००९ मध्ये कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. गोखल्यांच्या पराभवाला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती.

या विलंबाची किंमत अर्थव्यवस्थेने मोजली. दक्षिण कोरियाने १९५० च्या दशकात प्राथमिक शाळा जवळजवळ सर्व मुलांपर्यंत नेली आणि मग माध्यमिक शिक्षणाकडे मोर्चा वळविला. त्यामुळे निर्यातीचे कारखाने उभे राहिले तेव्हा सूचना वाचणारा, मोजमाप समजणारा कामगार तेथे तयार होता. आपण १९९१ मध्ये दारे उघडली तेव्हा आपल्याकडे उत्तम अभियंते होते, पण असा कामगार पुरेशा संख्येने नव्हता. इतरही कारणे आहेतच. तरी चाळीस टक्क्यांहून अधिक श्रमिक आजही शेतीवर अवलंबून आहेत, याचे एक मूळ येथे आहे. गुडगाव किंवा नोएडातल्या कोणत्याही कार्यालयीन इमारतीपाशी हे दोन भारत शेजारी दिसतात: आत परदेशी ग्राहकासाठी काम करणारा पदवीधर, आणि बाहेर नवी इमारत बांधणारा, पोटासाठी गाव सोडून आलेला मजूर. आपल्यापैकी बरेच जण पहिल्या गटातले आहेत, हे प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत वाचन-गणित हे सर्वांत तातडीचे काम मानले आणि २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने त्यासाठी २०२६-२७ ची मुदत घातली. शाळा आता बहुतेक मुलांना मिळाली. शाळेत जाऊन वाचता येणे, हा पुढचा टप्पा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासक्रमांची चर्चा चालू असताना तिसरीतल्या मुलाच्या वाचनासाठी मुदत घालावी लागते, यात फुल्यांचा प्रश्न अजून मिटला नसल्याची कबुली आहे. बदलत्या जगासाठी शिक्षणाचा नवा प्रस्ताव समोर येतो तेव्हा मी आधी खर्चाचा तक्ता पाहतो. पैसा कोणाच्या मुलावर आधी खर्च होणार आहे, ते तेथेच कळते.