सरड्याचं विष आणि माजी सैनिकांचं इंजेक्शन

ओझेम्पिक, वेगोवी ही नावं तुम्ही रील्समध्ये ऐकली असतीलच. आजची गोष्ट या इंजेक्शनांच्या खानदानाची. ती सुरू होते न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये, माजी सैनिकांच्या एका सरकारी हॉस्पिटलात.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी व्हेटरन्स अफेअर्स, म्हणजे व्हीए, नावाचं खातं आहे. त्याची स्वतःची हॉस्पिटलं आहेत. ब्रॉन्क्सच्या हॉस्पिटलात 1950 च्या दशकात रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन अचूक मोजायची पद्धत शोधली. त्यासाठी यॅलोंना 1977 मध्ये नोबेल मिळालं. बर्सन त्याआधीच वारले होते.

पुढे तिथलेच डॉ. जॉन इंग गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात हॉर्मोन शोधत बसले. 1992 मध्ये त्यांनी एक्सेंडिन-4 जगासमोर आणलं. आपल्या शरीरातलं जीएलपी-1 हे हॉर्मोन जेवणानंतर इन्सुलिन वाढवतं, पण काही मिनिटांत विरून जातं. एक्सेंडिन-4 तेच काम करतं, आणि टिकतं.

इंग पेटंटसाठी व्हीएकडे गेले. उत्तर आलं, नको, हा शोध खास माजी सैनिकांच्या आजाराचा नाही! मग त्यांनी पदरचे पैसे घालून स्वतः पेटंट घेतलं. 2005 मध्ये त्यातून एक्सेनाटाइड आलं, या खानदानातलं पहिलं औषध. ओझेम्पिक आणि वेगोवी या दोन्हींतलं सेमाग्लुटाइड मात्र मानवी जीएलपी-1 मध्ये बदल करून बनवलंय.

आता गंमत बघा. मधुमेह सैनिकांचा आजार नाही म्हणता? व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने जंगलांवर एजंट ऑरेंज हे रसायन फवारलं होतं. 2001 मध्ये याच व्हीएने ठरवलं की तिथे लढलेल्या सैनिकाला टाइप 2 मधुमेह झाला, तर तो या रसायनामुळेच झाला असं धरायचं. म्हणजे भरपाई आणि औषधपाणी, दोन्ही.

वजनाच्या बाबतीत मात्र हात आखडता. 2017 मध्ये व्हीएच्या कायदा सल्लागारांनी मत दिलं की नुसता लठ्ठपणा हा भरपाईच्या नियमांत आजार धरता येत नाही. वजनासाठी व्हीए ही औषधं देतं, पण निकषांत बसावं लागतं, आणि सोबत आहार-व्यायामाचा कार्यक्रमही करावा लागतो.

व्हीएपेक्षा वेगळी अशी लष्कराची विमा योजना म्हणजे ट्रायकेअर. तिचाच एक भाग ट्रायकेअर फॉर लाइफ. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेले आणि आता बहुतेक 65 च्या पुढचे लोक यात येतात. 31 ऑगस्ट 2025 पासून त्यांना वजन कमी करायची औषधं मिळणं बंद झालं. कारण काय, तर कायद्यात तरतूदच नाही. त्यांचा दुसरा आधार मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा. पण त्याच्या 2003 च्या कायद्यानेही नुसत्या वजनासाठीची औषधं वगळली आहेत. मधुमेहासाठीची इंजेक्शनं चालूच राहिली.

मी दिवसभर कोड लिहितो, त्यामुळे मला यात एक इफ-एल्स दिसतं. रेणू एकच, सेमाग्लुटाइड. चिठ्ठीवर मधुमेह असेल तर विमा पैसे देतो, नुसतं वजन असेल तर नाही. पण शरीरात असे वेगळे कप्पे नसतात. वाढलेलं वजनच पुष्कळदा मधुमेहाकडे नेतं. म्हणजे सत्तरीतल्या एखाद्या निवृत्त सुभेदाराला हा नियम काय सांगतो? ‘काका, थांबा. आधी शुगर वाढू दे, मग बघू.’

औषध महाग आहे, सरकारी तिजोरीला तळ असतो, हे मान्य. पण आजार होईपर्यंत थांबणं ही बचत नव्हे. तो खर्च पुढे ढकलणं झालं, आणि त्याचं व्याज त्या म्हाताऱ्याचं शरीर भरतं. ज्यांच्या हॉस्पिटलात ही वाट सापडली, त्यांच्याच वाट्याला हे यावं, हे मला खटकतं.

तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!