चोळमंडल : कलावंतांनी स्वकष्टाने वसवलेले गाव

पुण्या-मुंबईकडून पाहुणे आले की आपण चेन्नईकर मराठी मंडळी त्यांना ईसीआरने महाबलीपुरमला नेतो. वाटेत इंजंबाक्कमला ‘चोळमंडल आर्टिस्ट्स व्हिलेज’ अशी पाटी दिसते आणि गाडी पुढे जाते. चौसष्ट कलांच्या अधिपतीचा उत्सव साजरा करताना या पाटीमागचा इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवावा, म्हणून हा लेखप्रपंच.

या गावाचे मूळ आम्हा रेल्वेवाल्यांच्या अगदी शेजारी, सेंट्रल स्टेशनजवळच्या सरकारी कला महाविद्यालयात आहे. डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी १८५० मध्ये ही शाळा काढली. म्हणजे आपल्या जे. जे. स्कूलपेक्षा ती सात वर्षांनी मोठी. १९५७ मध्ये चित्रकार के. सी. एस. पणिक्कर तिचे प्राचार्य झाले. हाताशी कला असलेली मुले डिप्लोमा घेऊन बाहेर पडतात आणि पोटासाठी मिळेल ती नोकरी धरतात. मग चित्र मागे पडते, ही त्यांची खंत होती.

पणिक्करांनी काढलेला तोडगा साधा होता. हस्तकलेने पोट भरावे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे चित्र काढावे लागणार नाही. त्यासाठी कलावंतांनी हस्तकला संघ स्थापन केला. मुख्य भर बाटिकवर होता. कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढायची, मग कापड रंगात बुडवायचे; मेणाखालचा भाग कोरा राहतो. शेवटी गरम पाण्याने मेण काढायचे. हे कापड चांगले खपले. त्या सामाईक कमाईतून १९६६ मध्ये समुद्राकाठी सुमारे दहा एकर जमीन घेतली गेली आणि तीसेक कलावंतांनी गाव वसवायला घेतले. तेव्हा तिथे वाळू आणि सुरूची झाडे होती. या किनाऱ्याच्या ‘चोळमंडलम्’ या जुन्या नावावरूनच, ज्याचे युरोपियनांनी कोरोमंडल केले, गावाचे नाव पडले.

मुंबईत १९४७ मध्ये आरा, बाकरे, गाडे, हुसेन, रझा आणि सूझा यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्यांची कामगिरी फार मोठी. पण सूझा १९४९ मध्ये लंडनला आणि रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले, आणि काही वर्षांतच गट पांगला. माझ्या मते फरक प्रतिभेचा नव्हता. मद्रासकडे सामाईक जमीन होती आणि सामाईक तिजोरी होती.

या आसऱ्याचे मोल के. रामानुजम या चित्रकाराच्या आयुष्यातून कळते. तो मनाने आजारी होता, बोलायलाही अडखळे. पण कागदावर शाईने अद्भुत महाल आणि देवदेवता उभ्या करी. बाजाराच्या धकाधकीत त्याचा टिकाव लागला नसता. चोळमंडलात त्याला सोबती मिळाले. तरीही १९७३ मध्ये, ऐन तिशीत, तो गेला. गाव आसरा देऊ शकते, सगळे दुःख हरू शकत नाही. पण त्याची चित्रे आज मागे आहेत, यात या गावाचाही वाटा आहे.

मुंबईत जन्मलेले जे. सुलतान अली इथलेच. पणिक्करांचे चिरंजीव, शिल्पकार एस. नंदगोपाल, तांब्या-पितळेचे पत्रे ठोकून आणि वेल्डिंगने जोडून शिल्पे घडवत. ती जोडकामे आमच्यासारख्या कारखान्यातल्या माणसाने जरूर निरखावीत.

पणिक्कर १९७७ मध्ये निवर्तले, तरी गाव चालू राहिले. २००९ मध्ये तिथे मद्रास कलाचळवळीचे संग्रहालय उघडले. नंदगोपालही २०१७ मध्ये गेले. झोपडीवजा घरांच्या जागी पक्की घरे आली, भोवतालच्या जमिनीचे भाव गगनाला भिडले. आता प्रश्न आहे तो पुढच्या पिढीचा. नवा रूळमार्ग टाकला की उद्‌घाटन होते, हारतुरे होतात. पण गाडी धावते ती रोजच्या देखभालीवर. परमुलखात वर्गणी जमवून मंडळ चालवणाऱ्या आपल्याला हे सांगायला नको. संस्थापक गेल्यावर जबाबदारी कोण उचलणार, हा प्रश्न त्यांचा आहे तसाच आपलाही आहे.

तेव्हा पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन इंजंबाक्कमला जरूर थांबा. संग्रहालय पाहा, बागेतली शिल्पे मुलांना दाखवा. एखादा कलावंत कामात दिसला तर आधी विचारा, मगच आत जा. ते त्याचे घर आहे. आणि जमल्यास एखादी छोटी वस्तू विकत घ्या. हे गाव अशाच विक्रीतून उभे राहिले आहे.

गणपती बाप्पा मोरया!