धुराचा भाता

आमच्या कृष्णाकाठी मोट थांबली ती विजेनं नव्हे, इंजिनानं. वीज मागनं आली, आणि आली तशी जातच राहिली. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर आमच्या भागाला ठाऊक झाला. 1946 साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढं विहिरीविहिरीवर इंजिनं टुकटुकू लागली. इंधनाला आमच्यात डिझेल कुणी म्हणत नसे. सगळे क्रूडच म्हणत.

आमचे चुलते, अण्णा, ह्या इंजिनांच्या काळातले. लिव्हर उचलायचा, हॅन्डल मारून चाकाला गती आणायची आणि नेमक्या क्षणी लिव्हर सोडायचा. इंजिन बिघडलं तर मिस्त्री येईपर्यंत ऊस वाळायचा, म्हणून अण्णा स्वतःच शिकले. विहिरीच्या काठावर पोतं अंथरून दट्ट्या बाहेर काढायचा, रिंगा बदलायच्या, व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासायचे. जुनी धूडं मिनिटाला सहाशे-साडेसहाशे फेरे घेत, नंतरची दीड हजार. एवढ्या गतीला माणसाचा हात आणि कान पुरत होते.

टर्बोचं तसं नाही. त्याचा दांडा मिनिटाला लाखभर फेरे घेतो. कल्पना जुनीच आहे. आल्फ्रेड ब्यूखी ह्या स्विस इंजिनियरनं 1905 सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. सायलेन्सरकडं जाणाऱ्या धुरात जोर उरलेला असतो. त्या जोरावर एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या चाकानं इंजिनात जादा हवा कोंबायची. लोहाराचा भाताच, फक्त तो धूर ओढतो. 1920 नंतरच्या दशकात दोन जर्मन जहाजांच्या इंजिनांची ताकद ह्या युक्तीनं 1750 वरून 2500 अश्वशक्तीवर गेली. आमच्या उसाच्या ट्रकपर्यंत यायला तिला बरीच वर्षं लागली. 2000 सालापासून धुराचे नियम कडक होत गेले, तशी टर्बोची गाडी गावात नेहमीची झाली.

असाच एक जुना ट्रक पुतण्यानं घेतला होता. 2011 चा हंगाम ऐन भरात आणि गाडी निळा धूर ओकायला लागली. चढाला ओढ नाही, तेल रोज कमी. तोडकऱ्यांच्या टोळीला उचल देऊन झालेली; गाडी थांबली तर टोळी दुसऱ्याच्या फडात जाणार आणि उचल बुडणार. तालुक्याच्या एका गॅरेजनं सांगितलं, नवा टर्बो घाला. किंमत ऐकून पोरगं मटकन खाली बसलं.

अण्णा तेव्हा सत्तरीच्या पुढं. म्हणाले, "चालू कर गाडी." तेल भरायचं झाकण काढून त्यांनी भोकावर तळवा धरला. "वारा न्हाय मारत. रिंगा चांगल्या हायत. तुझा भाताच खराब."

टर्बो उतरवला. धुळीचा कण आत गेला तर सगळं वाया, म्हणून काम अंगणात नाही, माजघरात. वहिनींची भाकरीची परात रॉकेल ओतून धुण्याला लावली (ती परात पुन्हा स्वयंपाकात आली नाही, आणि तो विषय घरात अजून निघतो). सोडायच्या आधी हवेचं चाक, नट आणि दांडा ह्यांवर एका रेषेत खूण केली. हे तीन जसे होते तसेच परत बसले पाहिजेत, नाहीतर तोल जातो आणि लाखभर फेऱ्यांत चाक केसिंगला घासतं. नट उलट्या आट्याचा निघाला. आत दोन पितळी बुश, एक थ्रस्ट बेअरिंग आणि नखाएवढ्या सील रिंगा. बुश झिजलेले, पण दांड्यावर ओरखडा नाही. तो असता तर घरी काही करण्यासारखं नव्हतं, कारण तोल काढायचं मशीन शहरातच.

शंभर किलोमीटरवरून किट आणलं, बसवलं. पुतण्या टर्बो गाडीवर चढवायला निघाला तर अण्णांनी अडवलं. "तेल जातंय वरनं. परत येतंय कुठनं?"

टर्बोतून इंजिनात उतरणारी तेलाची नळी काढली. आत जळक्या तेलाचा थर, करंगळी जाईना. तेलाला खाली वाट नव्हती, म्हणून ते सीलमधून धुराकडं जात होतं. तशीच जोडली असती तर नव्या रिंगांनाही तेल आवरलं नसतं. सायकलच्या तारेनं आणि डिझेलनं ती नळी साफ करण्यात संध्याकाळ गेली. बसवताना टर्बोत वरून तेल ओतलं आणि चाकं बोटानं फिरवून घेतली. कोरडा दांडा पहिल्या मिनिटातच बुश खातो.

पहाटे गाडी फडावर गेली. टोळी थांबली होती. गाडी मार्चपर्यंत पळाली, फक्त लांबून आल्यावर लगेच बंद करायची नाही, दोन मिनिटं तशीच चालू ठेवायची. इंजिन बंद झालं की तेल थांबतं आणि दांडा मात्र तापलेला, फिरतच असतो. पुतण्या विसरला की अण्णा ओसरीवरून ओरडायचे.

पुढच्या दिवाळीआधी दांड्याला पुन्हा खेळ आला. तेव्हा मात्र तोल काढलेलं तयार कार्ट्रिज आणलं. बसवलं घरीच.