शेवटचे आठवडे कुणाचे? बालवाडीच्या वर्षअखेरीचा इतिहास

आजचा विषय लहान मुलांचा असला तरी लहान नाही. बालवाडीच्या वर्गात एक फळा किंवा तक्ता असतो, त्यावर 'या आठवड्याचा विषय' लिहिलेला असतो. जूनमध्ये तिथे 'पाऊस' असतो, मग छत्र्या, बेडूक, कागदाच्या होड्या. श्रावणात सण येतात. दिवाळीनंतर भाजीबाजार, पोस्टमन, आपलं घर. तोवर सगळं ठीक चाललेलं असतं. फेब्रुवारी उजाडला की मात्र बऱ्याच ठिकाणी तो तक्ता बदलतो. माती बंद, रंग बंद. दुरेघी वह्या येतात, शंभरपर्यंत अंक येतात, शब्द घालणं सुरू होतं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पुढच्या वर्षी पहिली आहे ना!" आणि एप्रिलच्या उकाड्यात पाच-सहा वर्षांची मुलं काळे झगे घालून 'पदवीदान' घेताना आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत.

आपला प्रश्न साधा आहे. हे शेवटचे आठवडे नेमके कुणाचे? बालवाडीचे, की पहिलीचे? हा वाद आजचा नाही. बालवाडी जन्माला आली तेव्हापासून तो चालू आहे, आणि तो कसा कसा चालला हे बघितलं तर आजच्या तक्त्याकडे बघायची आपली नजर थोडी बदलेल असं आम्हाला वाटतं.

सुरुवात जर्मनीतून करू. फ्रीडरिश फ्रोबेल यानं 1837 साली ब्लांकेनबुर्ग या गावात लहान मुलांसाठी खेळाची आणि हातकामाची संस्था काढली. 1840 मध्ये तिला नाव दिलं 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग. आता हे नाव नुसतं गोड म्हणून दिलेलं नव्हतं. तिथे खरोखरच बाग होती. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि शिवाय सगळ्यांचा मिळून एक मोठा वाफा. घरात लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, नळकांडं अशी साधनं होती. त्यांना फ्रोबेल 'देणग्या' म्हणत असे. त्याच्या जोडीला कागदाच्या घड्या, विणकाम, मातीकाम.

यातला वाफा लक्षात ठेवा. बागेत जे पेरलं ते हंगाम संपताना हाती येतं. कुणाच्या वाफ्यात जास्त येतं, कुणाच्या कमी. पण कोणी वाफ्याची परीक्षा घेत नाही. ज्या शाळेचं नावच बाग आहे, तिच्या वर्षाचा शेवटही बागेसारखाच व्हावा, हे त्या नावातच आलं.

प्रशियाच्या सरकारला मात्र ही बाग खुपली. 1851 मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यानं किंडरगार्टनवर बंदी घातली. ही शाळा समाजवादी आणि नास्तिक विचारांची आहे, असा आरोप होता. त्यात फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याच्या लिखाणाची आणि काकाच्या विचारांची सरमिसळही झाली होती. पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. बंदी उठली 1860 साली. तीन-चार वर्षांच्या मुलांनी ठोकळे लावण्याची सरकारला भीती वाटावी, यात गंमत आहे खरी. पण त्यावरून एक कळतं. लहान मुलाचा वेळ कशात जावा, हा प्रश्न मोठ्यांना नेहमीच गंभीर वाटत आला आहे.

पुढे अडचण निराळीच झाली. फ्रोबेलच्या शिष्यांनी त्या देणग्यांचं कर्मकांड करून टाकलं. आधी हा चेंडू, मग तो घन, याच क्रमानं, बाईंच्या इशाऱ्यावर. खेळाची कवायत झाली. यातून वाट काढणाऱ्यांमध्ये एक नाव आपल्याकडे फारसं माहीत नाही: हेन्रिएट श्राडर-ब्रायमान. ही बाई फ्रोबेलच्या नात्यातली, त्याच्याच हाताखाली शिकलेली. बर्लिनमध्ये तिनं उभारलेलं काम पेस्तालोझी-फ्रोबेल हाउस या नावानं ओळखलं जातं. तिनं 'महिन्याचा विषय' ही कल्पना रुजवली. म्हणजे काय, तर समजा या महिन्यात गाय हा विषय. मग गाय बघायची, तिचं दूध बघायचं, दुधाचं लोणी करायचं, गाण्यात गाय, चित्रात गाय, मातीत गाय. इंद्रियांना, हातांना आणि घरच्या कामाला धरून एकाच गोष्टीभोवती सगळं फिरवायचं.

आज आपल्या बालवाडीच्या तक्त्यावर जो आठवड्याचा विषय दिसतो, त्याचा एक महत्त्वाचा पूर्वज हा आहे. आता फरक बघा. तिच्या योजनेत विषय हा जगातून उचललेला असे. आपल्या तक्त्यावरचा विषय फेब्रुवारीपर्यंत जगातून येतो आणि त्यानंतर पुढच्या इयत्तेच्या पुस्तकातून येतो. खरा बदल इथे होतो. वह्या आल्या हे त्याचं फक्त वरून दिसणारं लक्षण.

अमेरिकेत हाच पेच वेगळ्या तऱ्हेनं आला. 1873 साली सेंट लुइस शहरात सुझन ब्लो हिनं सरकारी शाळेत किंडरगार्टन सुरू केलं, आणि बालवर्ग व पहिली एका छपराखाली आली. छप्पर एक झालं की कुणीतरी कुणासारखं व्हावं लागतं. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या पॅटी स्मिथ हिल यांनी फ्रोबेलच्या कवायतीला विरोध केला, मोठे ठोकळे आणि मोकळा खेळ वर्गात आणला. (वाढदिवसाला जगभर जी चाल गायली जाते, ती मुळात त्यांनी आणि त्यांच्या बहिणीनं मुलांच्या सकाळच्या गाण्यासाठी केलेली, हे जाता जाता सांगून ठेवतो.) 1923 मध्ये त्यांच्या देखरेखीखाली एक अभ्यासक्रम पुस्तकरूपानं निघाला, आणि त्याच्या नावातच किंडरगार्टन आणि पहिली हे दोन्ही वर्ग एकत्र होते. प्रयत्न असा होता की पहिलीनं थोडं बालवर्गासारखं व्हावं. पण त्याच कामात मुलांच्या इष्ट सवयींच्या मोजता येतील अशा याद्याही होत्या. यादी आली की तपासणी येते, तपासणी आली की तिची तारीख येते, आणि ती तारीख साहजिकच वर्षाच्या शेवटी पडते.

आता आपल्याकडे येऊ. मराठी माणसाचा किंडरगार्टनशी जो सुरुवातीचा जवळून संबंध आला, त्यात पंडिता रमाबाईंचं नाव ठळक आहे. 1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. याच शहरात दहा वर्षांपूर्वी, 1876 च्या मोठ्या प्रदर्शनात, चालतं-बोलतं किंडरगार्टन लोकांना दाखवलं गेलं होतं. रमाबाई अमेरिकेत थांबल्या, फ्रोबेलच्या पद्धतीचा रीतसर अभ्यास केला आणि मराठीतून त्या धर्तीची पुस्तकं करायला घेतली. 1889 साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं. ज्या काळात बालविधवेला अक्षर शिकवणं हेच धाडस होतं, त्या काळात ही बाई खेळातून शिकण्याचा विचार करत होती.

पुढचा टप्पा भावनगरचा. गिजुभाई बधेका हे पेशानं वकील. 1920 मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. प्रेरणा माँटेसरीबाईंची. तिथे ताराबाई मोडक येऊन मिळाल्या आणि 1926 साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी पद्धतीत आठवड्याचा एक विषय सगळ्या वर्गावर लादणं बसत नाही. मूल आपलं काम आपण निवडतं. तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच वर्गात असतात. त्यामुळे 'वर्ष संपलं' हे सगळ्यांसाठी एकाच दिवशी घडत नाही. कुणाचं मणी ओवणं आत्ता पुरं होतं, कुणाचं पुढच्या पावसाळ्यात. बक्षीस नाही, शिक्षा नाही, नंबर नाही. 1936 मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं, आणि मुंबईच्या मध्यमवर्गीय आईबापांना हे सगळं समजावून सांगणं हाच मोठा उद्योग होऊन बसला. 'आमचा मुलगा वर्षभर काय शिकला?' हा प्रश्न तेव्हाही होताच.

पण ताराबाईंचं मोठेपण आम्हाला दिसतं ते त्यानंतरच्या निर्णयात. 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या दादर सोडून बोर्डीला गेल्या. सोबत अनुताई वाघ आल्या. अनुताई स्वतः बालविधवा, शिकून शिक्षिका झालेल्या, पस्तिशीतल्या. बोर्डीत बालवाडी निघाली, पण दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलं काही तिथे येईनात. मग या बायकांनी शाळाच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे आणि मग शिंपले, बिया, पानं, काड्या घेऊन बसायचं. परदेशी महागडी साधनं कुणाला परवडणार? मोजायला चिंचोके आणि लावायला शिंपले असले की काम भागतं.

पुढे हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथे वारली मुलं गुरांमागे रानात जायची, तर शाळा कुरणावर गेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. आता विचार करा, जी शाळा गुरांच्या वेळेप्रमाणे भरते, तिचं वर्ष कुठून सुरू होणार आणि कुठे संपणार? तिचा आठवडा पेरणी, लावणी, कापणी यांनाच धरून चालणार.

कोसबादला आणखी एक गोष्ट झाली, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीनं ती सर्वांत मोलाची. विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. धाकट्याला पाळणाघरात ठेवून थोरली बहीण शाळेत बसू शकली. आणि बालवाडीतल्या मुलाला पहिलीचा वर्ग रोज दिसत होता. त्याला पहिली ओळखीची झालेली होती. म्हणून 'पहिलीची तयारी' असा वेगळा हंगाम करायची गरजच उरली नाही. पॅटी हिलना जे जमवायचं होतं, ते इथे चिंचोक्यांवर जमलं.

1975 च्या 2 ऑक्टोबरला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांतून सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज एकट्या महाराष्ट्रात लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पण त्याच काळात शहरांतून दुसरी रांग लागली होती, खासगी केजीची. 1993 च्या यशपाल समितीनं मुलांच्या ओझ्यावर जो अहवाल दिला, त्यात नर्सरी प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद करा असं स्पष्ट म्हटलं होतं. महाराष्ट्रानं 1996 मध्ये त्यासाठी कायदाही केला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळाप्रवेशाच्या वेळी मुलांची आणि पालकांची चाळणी लावायला मनाई केली. कायदे झाले, हे चांगलंच झालं. पण कायदा दारावरची मुलाखत थांबवू शकतो, मार्च महिन्यातली दुरेघी वही थांबवू शकत नाही.

2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ हा एकच टप्पा मानतं, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी एकत्र. कागदावर हा कोसबादचाच विचार आहे. महाराष्ट्रात 2022 पासून एप्रिल आणि जूनमध्ये शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. मूल टेबलाटेबलांवरून फिरतं, उड्या मारतं, रंग भरतं, वस्तूंचे गट लावतं, चित्रावर बोलतं. मधल्या सुट्टीत वस्तीतल्या मातांचे गट घरच्या घरी मुलांकडून छोट्या कृती करून घेतात. आई यात आली, ही फार मोठी गोष्ट आहे. काळजी घ्यायची ती एवढीच, की 'तयारी' या शब्दाचा अर्थ पुन्हा वहीत जाऊन अडकू नये. सहा वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडं अजून पुरती घडलेली नसतात. कागद फाडणं, कणीक मळणं, मणी ओवणं ही लिहिण्याचीच पूर्वतयारी आहे, आणि जी पेन्सिल घाईनं हातात येते, ती पुढे जड होते.

मग शेवटच्या आठवड्यांत करायचं काय? इतिहासानं आपल्याला पुरेसं दिलेलं आहे. एक आठवडा कैरीचा ठेवा: वास, चव, चिरलेल्या फोडी मोजणं, आजीकडून पन्हं शिकणं. एक आठवडा पाण्याचा: घागर किती तांब्यांत भरते, झाडाला किती लागतं. एक आठवडा मुलांनी आपलीच वर्षभराची चित्रं जमिनीवर मांडावीत आणि जूनमधलं कुठलं, मार्चमधलं कुठलं हे आपणच ओळखावं. पालकांनाही त्याच दिवशी बोलवा. वर्षभर काय शिकला, याचं उत्तर जमिनीवर पसरलेलं असेल. आणि शेवटच्या आठवड्यात मोठ्या शिशुतल्या मुलांनी पहिलीच्या वर्गात जाऊन तासभर बसावं, पाण्याचा माठ कुठे आहे आणि बाईंचं नाव काय हे बघून यावं. परत येऊन आपल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम छोट्या शिशुतल्या मुलांच्या स्वाधीन करावं.

यात खर्च नाही. झगा शिवावा लागत नाही. लागतो तो फक्त निर्धार, की एप्रिलचा शेवटचा शनिवार येईपर्यंत हे वर्ष त्या मुलाच्या पाचव्या-सहाव्या वर्षाचं आहे. सातवं वर्ष जूनमध्ये येणारच आहे, त्याला ओढून आणायचं काम कुणाचंच नाही.

इथे थांबू या. आपल्यात अंगणवाडीताई बऱ्याच आलेल्या दिसतात. प्रश्नांची सुरुवात त्यांच्यापासून करू, कारण त्या तक्त्यावर विषय लिहिणारा खडू त्यांच्या हातात आहे.