गाडग्यातली चरबी

मंडळी, मनमाडसारख्या जंक्शनच्या गावात रेल्वे सोडून आम्ही चरबीवर बोलणार, याची काहींना गंमत वाटेल. पण दोन्हींचा संबंध आहे. तो पुढे येईलच.

आधी कृती पाहू. चरबी बारीक चिरायची, भांड्याच्या तळाशी थोडं पाणी घालायचं आणि मंद आंचेवर ठेवायची. पाणी कशाला? तर सुरुवातीलाच ती करपू नये म्हणून. चरबी सुटत जाते, पाणी उडत जातं. चरचर थांबली की ओल गेली असं समजायचं आणि फडक्यातून गाळून गाडग्यात भरायची. ओल राहिली तर बिघडते, हवा-उजेड लागला तर खवट होते. म्हणून तोंड बांधून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची. गार झाली की घट्ट पांढरी होते. तोंडाच्या उबेला ती नीट वितळत नाही, टाळूला चिकटते. म्हणून तिच्यातलं कालवण गरमगरमच खायचं.

आता लोणी कढवायची रीत आठवा. तिथेही पाणीच उडवायचं, तडतड थांबायची वाट पाहायची, बेरी बाजूला काढायची, गाळायचं. तत्त्व तेच, आणि दोन्ही पदार्थ जनावराचेच. तरी एक निरांजनात गेलं आणि दुसरं गावकुसाबाहेर राहिलं. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. वस्तूचा गुण कुठे संपतो आणि माणसांनी चिकटवलेला कुठे सुरू होतो, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही.

तुपासाठी दुभतं जनावर लागतं. ज्यांच्याकडे ते नव्हतं, त्यांच्या वाट्याला मेलेलं जनावर यायचं. ते ओढून नेणं हे गावानं महारांवर टाकलेलं काम, आणि मांस हा त्याचा एक मोबदला. जनावर पडलं की एकदम भरपूर, नंतर कित्येक दिवस काहीच नाही. मग मांसाच्या पट्ट्या वाळवून चान्या करायच्या आणि चरबी वितळवून ठेवायची. साठवणुकीची ही अक्कल टंचाईतून आली, आणि ती बायकांच्या हातात होती. पाककृतींच्या पुस्तकांत तूप कढवणं सापडतं, हे सहसा सापडत नाही. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांचं खाणं त्यात आहे, आणि शीर्षकातला ‘अ’ फार बोलका आहे.

पण पुस्तक इतक्या उशिरा का आलं? याला फक्त वरच्यांची उपेक्षा कारण नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत मांस सोडा असं सांगितलं. लोकांनी सोडलं. उपाशी राहून सोडणं म्हणजे काय, याचा विचार पोट भरलेल्यांनी जरा करावा. मांस गेलं, त्याबरोबर त्या जनावराच्या चरबीचं गाडगंही गेलं.

आणि आता मनमाड. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी इथे जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांचं वाक्य सगळ्यांना माहीत असतं. त्याच भाषणातला एक तपशील मात्र विसरला जातो. अस्पृश्य माणूस गँगमन होई, पण पोर्टर म्हणूनसुद्धा त्याला घेत नसत. कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला वापरी, आणि घरात अस्पृश्य चालत नसे. म्हणजे बघा, रेल्वेची नोकरी कुणाला द्यायची हे स्टेशनमास्तरच्या घराचा उंबरा ठरवत होता. गाडगं सोडलेल्या माणसालाही तो उंबरा बंदच होता.

मग इतिहासकारानं काय करावं? ज्यांनी मानानं जगण्यासाठी एक चव सोडली, त्यांच्याच घरी जाऊन ‘चरबी कशी वितळवत होता?’ असं विचारावं का? न विचारलं तर एक विद्या त्या बायकांबरोबर संपते. विचारलं तर जुना अपमान पुन्हा ताटात वाढल्यासारखा होतो. आमच्या मते हे सांगायचं की नाही, हे त्या घरांनीच ठरवावं, आणि पाटोळ्यांसारखं आतल्या माणसानं लिहावं. आम्ही बाहेरच्यांनी फार तर तुपाचा इतिहास लिहिताना शेजारची जागा रिकामी आहे, एवढं नोंदवावं.