ॲम्प ते कॉम्प्युटर, व्हाया स्पीकर

ट्यूब ॲम्पच्या मागच्या बाजूला एक गोल भोक असतं, त्यावर 'स्पीकर' असं लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरला जोडायच्या ऑडिओ इंटरफेसवरही तसंच एक भोक असतं, त्यावर 'लाइन इन'. दोन्हीकडे तीच पाव इंची पिन बसते. मग काय, एक वायर घ्यायची, इकडून तिकडे खुपसायची, की झालं रेकॉर्डिंग! मधला तो अवजड स्पीकर नको, त्याच्यासमोरचा माईक नको, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंची बेल नको.

मंडळी, चुकूनही करू नका. ॲम्पमधला सगळ्यात महागडा भाग जळू शकतो. आणि नशिबाने वाचलाच, तरी जो आवाज रेकॉर्ड होतो तो ऐकून डास मारायच्या रॅकेटची आठवण येते.

असं का होतं ते शोधता शोधता मी गेले काही वीकएंड बरंच वाचत बसलो. स्पीकर गाळून गिटार रेकॉर्ड करायची खटपट लोक सत्तरेक वर्षं करतायत. आणि मजा म्हणजे, ज्यांनी ज्यांनी स्पीकर हाकलून दिला त्यातल्या जवळजवळ सगळ्यांना तो मागच्या दाराने परत घरात घ्यावा लागला.

आधी जळण्याचं बघू. ट्यूब म्हणजे आपल्या आजोबांच्या रेडिओतला व्हॉल्व्ह. (खरंच तोच. ब्रिटनच्या प्रसिद्ध व्हॉक्स एसी ३० ॲम्पमध्ये ईएल ८४ जातीचे चार व्हॉल्व्ह असतात, आणि ते त्या काळच्या रेडिओंतही सर्रास वापरायचे.) व्हॉल्व्हला चारशेच्या आसपास व्होल्ट लागतात आणि तो करंट देतो अगदी थोडा. स्पीकरला नेमकं उलटं हवं, व्होल्टेज कमी आणि करंट भरपूर. म्हणून दोघांच्या मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवतात. समजा त्याच्या वेढ्यांचं प्रमाण वीसास एक आहे. मग इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला शिकल्याप्रमाणे वीसचा वर्ग चारशे, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर व्हॉल्व्हला ३२०० ओहमचा भासतो. त्याला जेवढा हवा तेवढाच. आता स्पीकर काढून तिथे १०,००० ओहमचं लाइन इन लावलं तर व्हॉल्व्हला दिसतात ४० लाख ओहम! थोडक्यात, पलीकडे कोणी नाहीच. ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला जायला वाट मिळत नाही, व्होल्टेज उसळतं, सॉकेटमध्ये ठिणग्या पडतात, वेढ्यांवरचं इन्सुलेशन फुटतं. बरं, इंटरफेसचंही काही खरं नाही. ५० वॉटचा ॲम्प ८ ओहममध्ये २० व्होल्ट काढतो आणि लाइन इनला सवय असते एखाद्या व्होल्टची.

एवढं कळल्यावर वाटतं की मग स्पीकरच्या जागी एक दणकट रेझिस्टर लावा की! लोकांनी लावलाही. त्याच्याकडे येतोच, पण त्याआधी हा स्पीकर नक्की करतो काय ते बघायला हवं.

गिटारचा स्पीकर हा तुमच्या म्युझिक सिस्टिममधल्या स्पीकरसारखा प्रामाणिक प्राणी नाही. बारा इंची कागदाचा कोन, आणि साधारण ५००० हर्ट्झच्या वरचं तो जवळपास सोडतच नाही. म्युझिक सिस्टिमच्या हिशेबाने हा चक्क टाकाऊ माल. पण ॲम्प जेव्हा फुटतो (म्हणजे डिस्टॉर्ट होतो, स्फोट नव्हे) तेव्हा मूळ सुराच्या वर स्वरांशांची मोठी उतरंड तयार होते, आणि तिच्यातला वरचा कर्कश भाग कानाला नुसता ओरबाडतो. हा जाडाभरडा कोन नेमका तो भाग गिळतो. चहाच्या गाळण्याने पत्ती अडवावी तसं.

गिटारवाल्यांना हे गणिताशिवायच ठाऊक होतं. १९५८ साली अमेरिकेच्या लिंक रे याने 'रंबल'च्या रेकॉर्डिंगसाठी ॲम्पच्या स्पीकरला भोकं पाडली. लंडनमध्ये 'द किंक्स'च्या डेव्ह डेव्हिसने ब्लेड घेऊन आपल्या छोट्या ॲम्पचा कोन चिरला आणि १९६४ साली 'यू रिअली गॉट मी' आलं. म्हणजे वाद्य फक्त गिटार नाही, ॲम्पही नाही; तो कागदसुद्धा वाद्यच.

तरीही डायरेक्ट रेकॉर्डिंगचा मोह जुना आहे. लेस पॉल हा गिटारवादक, आणि हाडाचा खटपट्या, स्वतःच्या गिटारचा सिग्नल सरळ रेकॉर्डिंगच्या यंत्रणेत घालायचा. १९७१ साली गिब्सनने त्याच्या नावाने 'रेकॉर्डिंग' मॉडेल काढलं, त्याचे कमी इम्पीडन्सचे पिकअप खास त्यासाठीच होते. डेट्रॉइटला मोटाउनच्या चिमुकल्या स्टुडिओत तर एवढे वादक दाटीवाटीने बसायचे की प्रत्येकाला ॲम्प दिला असता तर गायकाच्या माईकमध्ये सगळ्यांचाच आवाज शिरला असता. मग तिथला इंजिनिअर माइक मॅकलिन याने एक खास डबा बनवला. गिटारी आणि जेम्स जेमर्सनचा बास त्यात जायचे, तिथून सरळ टेपकडे, आणि वादकांना ऐकायला सगळ्यांत मिळून एक स्पीकर. चाळीतल्या सामायिक नळासारखा. १९६४ सालच्या 'माय गर्ल'च्या सुरुवातीचा रॉबर्ट व्हाइटचा तो साधा गिटारचा तुकडा इथलाच. ऐकून बघा, कुठे काही कमी वाटतं का?

नाही वाटत, कारण तो आवाज स्वच्छ आहे. ॲम्प फुटलेला नाही, त्यामुळे गाळण्याची गरज नाही. खरी परीक्षा डिस्टॉर्शनची.

आणि ती परीक्षा सगळ्यात बेदरकारपणे दिली ती लंडनच्या ॲबी रोडवर, जुलै १९६८ मध्ये. जॉन लेननला 'रेव्होल्यूशन'साठी अतिशय घाणेरडा आवाज हवा होता. इंजिनिअर जेफ एमरिक, वय वर्षं बावीस, याने ॲम्प बाजूला ठेवला, गिटारी सरळ कन्सोलमध्ये घातल्या आणि एका माईक प्रीॲम्पचं आउटपुट दुसऱ्या प्रीॲम्पमध्ये देऊन दोन्ही ठासून भरले. ईएमआय ही कडक शिस्तीची कंपनी, तिथले तंत्रज्ञ पांढरे डगले घालून वावरायचे. कन्सोल तेव्हा व्हॉल्व्हचंच होतं आणि ते तापून बिघडेल अशी भीती एमरिकला होती. आपण स्टुडिओचे मॅनेजर असतो तर स्वतःलाच कामावरून काढलं असतं, अशा अर्थाचं त्याने पुढे आठवणींत म्हटलंय. हेडफोन लावून ते गाणं ऐका. गाळणं काढून टाकलेला आवाज म्हणजे काय ते पहिल्या दोन सेकंदांत कळतं. तिथे ते शोभतं, कारण गाण्यालाच ओरबाडायचं आहे. मला स्वतःला तो आवाज प्रचंड आवडतो. पण एका गाण्यापुरता. सगळी कॅसेट तशी असती तर मी वॉकमन खिडकीबाहेर फेकला असता.

आता येतो माझा हिरो. टॉम शोल्झ. एमआयटीचा मेकॅनिकल इंजिनिअर, १९७० साली मास्टर्स, मग पोलरॉइडमध्ये नोकरी. दिवसा कंपनीचं काम आणि रात्री घराच्या तळघरात गिटार, टेप, सोल्डरिंग. अनेक वर्षं त्याच्या डेमो टेप रेकॉर्ड कंपन्या परत पाठवत राहिल्या. शेवटी करार झाला तर कंपनी म्हणे, आता लॉस एंजलिसच्या खऱ्या स्टुडिओत सगळं नव्याने करा. बाकीचा बँड तिकडे गेला, आणि शोल्झ मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या आपल्या तळघरात बसून अल्बमचा मोठा भाग घरीच करत राहिला! १९७६ साली 'बॉस्टन' आला आणि एकट्या अमेरिकेत त्याची विक्री पुढे एक कोटी सत्तर लाखांपर्यंत गेली. नोकरी करून वीकएंडला काहीतरी करू म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याचा फोटो भिंतीवर लावायला हरकत नाही.

तळघरातला त्याचा प्रश्न तुमच्या-माझ्या टू बीएचकेतलाच होता. ट्यूब ॲम्प पूर्ण पेटवल्याशिवाय गोड फुटत नाही, आणि पूर्ण पेटवला की घरात राहता येत नाही. त्याने ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये रेझिस्टर घातले. बहुतेक ताकद तिथे उष्णता होऊन जाते आणि उरलेली थोडी स्पीकरला मिळते. १९८० साली कंपनी काढून त्याने हेच 'पॉवर सोक' नावाने विकायला आणलं. मग १९८२ साली पुढची उडी. वॉकमनएवढा, बॅटरीवर चालणारा 'रॉकमन'. यात व्हॉल्व्ह नाही, स्पीकर नाही. गिटार लावायची, हेडफोन लावायचे. वायर सरळ टेपमध्येही घालता यायची. पण आत बघितलं तर डिस्टॉर्शननंतर फिल्टर बसवलेले आहेत, स्पीकर जे गिळतो तेच गिळणारे! स्पीकर असा मागच्या दाराने परत आला. 'डेफ लेपर्ड'च्या १९८७ सालच्या 'हिस्टेरिया'वरच्या गिटारी मुख्यतः याच डबीतून रेकॉर्ड झाल्या. त्या थोड्या प्लास्टिकच्या वाटतात हे खरं, पण त्या प्लास्टिकचीच पुढे फॅशन झाली.

यापुढची काही वर्षं भराभर. १९८९ साली न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बार्टाने 'सॅन्सॲम्प' काढला, नावातच 'ॲम्पविना', पण स्पीकरची नक्कल करणारा फिल्टर त्यातही होताच. मग डिजिटल आलं आणि १९९८ साली लाइन ६ कंपनीचा 'पॉड', राजम्याच्या आकाराचा आणि राजम्याच्याच रंगाचा. त्यात ॲम्पची आणि स्पीकरच्या खोक्याची निवड वेगवेगळी करता यायची. म्हणजे स्पीकरला आता स्वतंत्र मेन्यू मिळाला.

दरम्यान कॉम्प्युटर शहाणा होत होता. १९९७ साली हॅम्बुर्गच्या स्टाइनबर्गने 'आसिओ' ड्रायव्हर आणले. आधी तार छेडल्यावर आवाज यायला जो लाजिरवाणा उशीर व्हायचा तो आटोक्यात आला. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतील तर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.९ मिलिसेकंद. आवाजाला हवेतून एक मीटर जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. स्पीकरपासून एक मीटर मागे उभं राहिलात असं समजा.

आणि मग आलं ते खरं अस्त्र, इम्पल्स रिस्पॉन्स. शाळेच्या सहलीला विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवली होती ना? त्या एका टाळीला घुमट जे उत्तर देतो त्यात घुमटाचा सगळा स्वभाव असतो. ते उत्तर रेकॉर्ड केलं तर पुढे घरी बसून कुठलाही आवाज त्या घुमटात 'वाजवता' येतो, प्रत्येक सॅम्पलला एक छोटी टाळी मानून सगळ्यांची उत्तरं एकात एक मिसळायची. याला कन्व्हॉल्यूशन म्हणतात. (होय, सिग्नल्स अँड सिस्टिम्समधलं तेच, जे आपण परीक्षेपुरतं पाठ केलं.) स्पीकरचा घुमट फार छोटा, २००० सॅम्पलमध्ये उत्तर संपतं. तरी साध्या पद्धतीने सेकंदाला सुमारे नऊ कोटी गुणाकार होतात. १९८१ सालच्या आयबीएम पीसीचं घड्याळच सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके द्यायचं, त्यामुळे शोल्झला हा मार्ग बंद होता. २००० साली पार्मा विद्यापीठाच्या अँजेलो फरिना यांनी टाळीऐवजी खालून वर चढत जाणारा सूर वापरून मोजायची पद्धत मांडली आणि हे मोजमाप फारच सुधारलं. माईक कुठला, कोनापासून किती अंतरावर, हेसुद्धा त्या छोट्याशा फाइलमध्ये येतं.

राहिला तो रेझिस्टर. ८ ओहमचा रेझिस्टर कायम ८ ओहमच असतो, पण ८ ओहमचा स्पीकर नसतो. शंभर हर्ट्झच्या आसपास कोन स्वतःच्या नादात हलायला लागतो तिथे त्याचा इम्पीडन्स कैक पट उडी मारतो, आणि वरच्या पट्टीत कॉइलच्या इंडक्टन्समुळे परत चढतो. ट्यूब ॲम्प या चढउतारांना चांगलाच दबतो, जिथे इम्पीडन्स जास्त तिथे व्होल्टेजही जास्त. म्हणून नुसत्या रेझिस्टरवर ॲम्प मेल्यासारखा वाजतो. यावर उपाय म्हणजे रिॲक्टिव्ह लोड, कॉइल आणि कपॅसिटर वापरून विजेला 'इथे स्पीकर आहे' असं पटवणारं खोकं. आज खऱ्या ट्यूब ॲम्पमधून थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं तर साखळी अशी असते: ॲम्पच्या स्पीकर जॅकपासून लोडपर्यंत जाड स्पीकरची वायर (गिटारची नव्हे!), लोडच्या लाइन आउटमधून इंटरफेस, आणि सॉफ्टवेअरमध्ये इम्पल्स रिस्पॉन्स. म्हणजे एक स्पीकर काढायला दोन खोटे स्पीकर लागले, एक विजेसाठी आणि एक कानासाठी.

आता न्यूरल नेटवर्कवाले आलेत. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या मंडळींनी २०२० साली दाखवून दिलं की गिटार ॲम्पची नक्कल असं नेटवर्क रिअल टाइममध्ये करू शकतं, आणि स्टीव्हन ॲटकिन्सन यांचं 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' तर ओपन सोर्स आहे. तिथेही पुष्कळ लोक ॲम्प लोडवर लावून फक्त ॲम्पचं मॉडेल बनवतात आणि स्पीकरची फाइल वेगळी ठेवतात, मनाला येईल तेव्हा बदलता यावी म्हणून.

ही वाटणी चालते कारण धडधाकट स्पीकर बऱ्यापैकी लिनिअर असतो. दुप्पट द्या, दुप्पट मिळतं, तोच स्वभाव. कन्व्हॉल्यूशनला एवढीच अट लागते. डेव्ह डेव्हिसचा चिरलेला कोन ही अट पाळत नाही. हळू वाजवलं तर जरा खरखरतो, जोरात वाजवलं तर त्याच्या चिंध्या फडफडतात आणि मूळ सुरात नसलेले सूर काढतात. त्याचा इम्पल्स रिस्पॉन्स घेतला तर फाइल तयार होईल, पण त्यात ब्लेड नसेल. तो आवाज हवा असेल तर अजूनही एक स्पीकर फाडावा लागतो आणि समोर माईक ठेवावा लागतो. काकूंना आधी सांगून ठेवलेलं बरं.