प्रवेशाधिकार, वीज कंपनीचा (निवासी जागेतील)

वीजपुरवठा करणाऱ्या परवानाधारक कंपनीला ग्राहकाच्या घरात, आवारात किंवा खाजगी जमिनीवर नेमून दिलेल्या कामापुरते जाता येण्याचा कायदेशीर अधिकार. त्यामुळे जागेवर मालकी किंवा कब्जा मिळत नाही. सध्या त्याचा मुख्य आधार विद्युत अधिनियम, 2003 मधील कलम 163 आहे. त्यापूर्वी 1910 च्या अधिनियमातील कलम 20 खाली तो मिळत असे. महाराष्ट्रात महावितरण आणि मुंबईतील बेस्टसह इतर वितरण कंपन्यांना हीच तरतूद लागू पडते.

प्रवेशाच्या अटी : मीटर वाचणे, तारा व जोडण्या तपासणे, दुरुस्ती करणे, पुरवठा बंद झाल्यावर आपले साहित्य काढून नेणे, एवढीच कामे यात येतात. वेळ वाजवी हवी आणि भोगवटादाराला आधी सांगितलेले हवे. ग्राहकाच्या स्वतःच्या वायरिंगची तपासणी करायची, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा विशेष आदेश आणि किमान 24 तासांची लेखी नोटीस लागते. ग्राहकाने आत येऊ दिले नाही, तर लेखी नोटिशीनंतर 24 तासांनी कंपनी पुरवठा तोडू शकते; पण अडवणूक चालू असेपर्यंतच, पुढे नाही. ही शेवटची मर्यादा फार मोलाची आहे आणि ग्राहकांना ती सहसा माहीत नसते.

झडती : वीजचोरीच्या संशयावरून येणाऱ्या भरारी पथकाचा अधिकार कलम 135 खालचा, म्हणजे वेगळा आहे. राज्य सरकारने प्राधिकृत केलेला अधिकारी संशयास सबळ कारण असल्यास कुलूप तोडूनही आत जाऊ शकतो. झडतीच्या वेळी घरातील व्यक्ती किंवा तिच्या वतीने कोणी हजर हवे, जप्त वस्तूंची यादी करून त्यांच्या हाती द्यायला हवी. राहत्या घराची झडती सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, घरातील प्रौढ पुरुष हजर असल्याशिवाय घेता येत नाही. घरात फक्त स्त्रिया राहत असतील तर काय, याचे उत्तर या वाक्यात सापडत नाही.

झाडे : या विषयात प्रत्यक्ष तंटे अधिक होतात ते परसातील झाडांवरून. ओव्हरहेड लाइनला अडथळा करणारे झाड काढण्याचा आदेश कंपनीच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो (कलम 68). ‘झाड’ या शब्दात झुडूप, कुंपण आणि इतर वनस्पतीही धरल्या आहेत. म्हणजे कोपऱ्यातला नारळ जसा, तशी मेंदीची वईही. भरपाई मात्र लाइन ओढण्यापूर्वी उभ्या असलेल्या झाडालाच मिळते. त्यामुळे आंबा आधीचा की खांब आधीचा, हा प्रश्न निर्णायक ठरतो, आणि त्यासाठी सातबाऱ्यावर झाडाची नोंद असल्यास ती जपून ठेवावी. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीत वायरमन फांद्या छाटतात तेव्हा बहुधा मालकाची तोंडी संमतीच पुरते. शहरी भागात राज्याचा 1975 चा वृक्षसंरक्षण कायदाही लक्षात घ्यावा लागतो.

नवी लाइन : खाजगी जागेतून किंवा इमारतीला लागून लाइन न्यायची, तर 2006 च्या नियमांनुसार मालकाची किंवा भोगवटादाराची आधी संमती हवी. त्याने हरकत घेतल्यास जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांची लेखी परवानगी घ्यावी लागते. कलम 164 खाली तार प्राधिकरणाचे अधिकार मिळालेल्या, मुख्यतः पारेषण कंपन्यांना ही संमतीची अट लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले आहे. भरपाई किती असावी, यावर मतभेद आहेत.

गॅस : 1962 च्या पेट्रोलियम वाहिनी कायद्यानुसार वापरहक्क घेतलेल्या जमिनीत वाहिनी टाकताना निवासी वापराची जमीन आणि राहत्या घराला लागून असलेली जमीन वगळावी लागते. स्वयंपाकघरातील नळगॅसच्या मीटरपर्यंत जाण्याचा हक्क मुख्यतः जोडणीच्या करारातून येतो.

पाणी : पहा महापालिका कायदे.